शेगडीची चौकशी

आमच्या कॉलनीत कुणाच्या घरी कप फुटला, तर माणसं काचा गोळा करतात आणि दुसऱ्या कपात चहा ओततात. सुभेदार रंगरावांच्या घरी कप फुटला, तर काचांना कुणी हात लावायचा नाही. आधी चौकशी बसते.

सुभेदार माझे भिंतीला भिंत लागून शेजारी. पलटणीतून निवृत्त होऊन त्यांनी साताऱ्यात घर बांधलं, त्याला आता वीसेक वर्षं झाली. पलटण सुटली, पण तिथली 'कोर्ट ऑफ इन्क्वायरी' ते ट्रंकेत घालून घरी घेऊन आले. टेबलावर चादर अंथरायची, लांबट वही उघडायची, साक्षीदारांना एकेक करून आत बोलवायचं आणि प्रत्येकाचं म्हणणं लिहून खाली सही घ्यायची. एकदा दूध नासलं तेव्हा दूधवाल्यालाही बसवलं होतं. "आवं सुभेदार, तोंडी सांगतो की," म्हणून तो सुटायला बघत होता. त्यावर यांचं ठरलेलं वाक्य आलं, "तोंडी काय चालत न्हाई. कागदावर आलं पायजे." शेवटी निकाल असा लागला, की दूध चांगलं होतं, पातेल्याला आदल्या दिवशीचं ताक लागलेलं होतं, आणि पातेलं सुभेदारांनीच घासलं होतं.

मग त्यांनी स्वतःला शिक्षा ठोठावली. हातात भरलेली बादली आणि कॉलनीला पाच फेऱ्या. सत्तरीला टेकलेला माणूस. मी गॅलरीतून "बास करा आता" म्हणालो, तर खालून उत्तर आलं, "सर, अजून दोन हायत." माझ्या स्कूटरने त्यांची कुंडी फोडली तेव्हा मीही सुटलो नाही. मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो, पोरांच्या वह्या लाल करणं हा माझा धंदा. पण माझ्या जबाबावर सुभेदारांनी तीन ठिकाणी लाल शेरे मारले. सांगायचं एवढंच, की या माणसाच्या वहीत खोटं अक्षर नव्हतं आणि त्यात कुणी अपराधी सुटल्याची नोंदही नव्हती.

म्हणून त्या रविवारी सकाळी ते कडक इस्त्रीच्या शर्टात दारात उभे राहिले, तेव्हा मी आधी स्कूटर कुठं लावली होती ते आठवून पाहिलं.

"सर, तज्ज्ञ साक्षीदार पायजे," ते म्हणाले. "शेगडी खराब झालीया."

शेगडी खरोखरच बघवत नव्हती. स्टीलवर राखाडी-काळपट डाग ओघळले होते, पितळी बर्नर गुलाबीसर पडले होते आणि मधला तर पेटतच नव्हता. टेबलावर, चादरीच्या मधोमध, आरोपी उभा होता. शेगडी चकाचक करणाऱ्या फवाऱ्याची पांढरी बाटली. सुभेदारांनी ती चार दिवसांपूर्वी जाहिरात बघून आणली होती. त्यांच्या बायकोचा, म्हणजे आमच्या काकूंचा, तिला सुरुवातीपासून विरोध. त्यांनी जन्मभर लिंबाच्या फोडीने शेगडी घासली. "ह्यास्नी जिथं तिथं घासायला पट्ट्याचं बक्कलच दिसतंय," असं त्या माझ्या बायकोपाशी म्हणाल्या होत्या.

त्या दिवशी मात्र काकू दाराशी खुर्चीवर बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. गेल्या काही महिन्यांत त्यांना विसरायला व्हायला लागलं होतं. कधी भाजीत मीठ दोनदा पडायचं, कधी घराची किल्ली फ्रीजमध्ये सापडायची. सांगलीला दिलेल्या लेकीने मागच्याच आठवड्यात फोनवर बजावलं होतं, "अजून एकदा काय झालं, तर आईला गॅसपाशी जाऊ द्यायचं न्हाई. मी तिला हिकडं घिऊन येणार." त्यामुळे चौकशी शेगडीची असली, तरी जीव काकूंचा टांगणीला लागला होता. बाटलीने शेगडी खाल्ली असेल तर प्रश्न नव्हता. काकूंच्या हातून झालं असेल, तर पन्नास वर्षांचं स्वयंपाकघर सुटणार होतं.

पहिली साक्ष गॅस दुरुस्तीवाल्याची झाली. "ह्ये ॲसिडचं काम हाय," एवढं बोलून, सही ठोकून तो गेला. दुसरी साक्ष फोनवरून, बाटलीच्या कंपनीची. पलीकडची मुलगी गोड आवाजात सूचना वाचत होती, शेगडी थंड झाल्यावर फवारा, मऊ कापडाने पुसा. सुभेदारांनी तिला नाव विचारलं, हुद्दा विचारला, मग युनिट विचारलं. युनिटला ती अडली. तिलाही त्यांनी सगळं कागदावर पाठवायला सांगितलं.

मग काकूंची पाळी आली.

"बाटली घ्येतली, वतली, घासलं," काकू म्हणाल्या. "कंची बाटली ते आठवंना बगा. वास लय उग्र हुता." मग त्यांनी सुभेदारांकडे पाहिलं. "आवं, माझ्याच हातनं झालं असंल. लिवा तसं. पोरीला कळवा. जाते मी सांगलीला."

सुभेदारांचं पेन वहीपासून वीतभर वर थांबलं. मी ते कधी थांबलेलं पाहिलं नव्हतं.

तज्ज्ञ म्हणून मी बाटली हातात घेतली. तोंडाशी प्लॅस्टिकचं सील जसंच्या तसं होतं. बाटली गळ्यापर्यंत भरलेली. शिवाय फवाऱ्याच्या बाटलीतून कुणी ओतत नाही. मी इकडे तिकडे पाहिलं. खिडकीत लोणच्याच्या बरणीमागे संडास धुवायच्या ॲसिडची निळी बाटली होती. अर्धी रिकामी, झाकण बाजूला पडलेलं. खरं सांगतो, मला आनंद झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी सुभेदारांच्या आधी निकालाला पोचलो होतो.

"सुभेदार, हे सील तर अजून..."

त्यांनी बाटली माझ्या हातातून काढून घेतली. काकूंकडे पाठ केली. सील त्यांनी माझ्या आधीच पाहिलं होतं, हे त्यांचा चेहरा बघून कळलं; फक्त हात धजावला नव्हता. आता अंगठ्याचं नख घालून त्यांनी सील उचकटलं, शर्टाच्या खिशात टाकलं आणि खिशाचं बटण लावलं. मग सिंकमध्ये फवाऱ्याचे चार-पाच दाब मारले.

"लिवा सर," ते म्हणाले. "सील फुटल्यालं. बाटली वापरल्याली."

मी लिहिलं, खाली सही केली. माझी सही त्यांना कशाला हवी होती, तेही तेव्हा कळलं. बापाचं लेकीने ऐकलं नसतं, विज्ञानाच्या मास्तराचं ऐकलं असतं. मघाच्या आनंदाची मला भयंकर लाज वाटली.

सुभेदारांनी उभं राहून निकाल वाचला. बाटली दोषी. ती आणणारा रंगराव दोषी. शिक्षा, बाटली घराबाहेर आणि रंगरावला रोज स्वयंपाकघरात ड्युटी. तो हजर नसेल तर गॅस पेटणार नाही. मग फोन लावून त्यांनी हेच लेकीला वाचून दाखवलं, माझ्या सहीसकट.

"तरी म्हनत हुते, लिंबूच बरं," काकू म्हणाल्या. पदर सोडला, उठल्या आणि उरलेल्या दोन बर्नरपैकी एकावर चहा टाकला. सुभेदार काडेपेटी धरून शेजारी उभे राहिले. चहात साखर दोनदा पडली. आम्ही दोघांनी तो मुकाट्याने संपवला.

ते मला फाटकापर्यंत सोडायला आले. निळी बाटली त्यांच्या हातात होती, बाहेरच्या कपाटात कुलपात ठेवायला निघाले होते. मी म्हणालो, "पण काकूंना दाखवायला हवं कुणाला तरी."

"बुधवारी दाखवतोय. डाक्टरला समदं खरं सांगनार. पोरीला बी सांगनार, मीच, दवाखान्यातनं आल्यावर." त्यांनी खिशावरून हात फिरवला. "पर हिच्या म्होरं, त्या वहीत, हिचं नाव अपराधी म्हनून माज्या हातनं लिवनं व्हनार न्हाई सर."

काहीतरी बोलायचं म्हणून मी मास्तरासारखं विचारलं, "मग सीलचं काय करायचं? कुठेतरी नोंद..."

सुभेदारांनी मागे वळून स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. आत काकू कप विसळत होत्या.

"त्येवढं," ते हळूच म्हणाले, "तोंडीच राहू द्या."