कर्णिकांची बिनपावसाची छत्री

जानेवारीच्या कोरड्या ठणठणीत दिवसांत अंबरनाथ स्टेशनावर कुणी काखोटीला छत्री मारून निघालेला दिसला, की खुशाल समजावं, कर्णिक आज व्याख्यानाला चालले आहेत.

"छत्री कशाला हो?" विचारलं तर म्हणत, "व्याख्यानाला लागते." पुढे काही नाही.

कर्णिक मुंबईच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकत, मी इथे काडेपेट्यांच्या कारखान्यात कामाला. चाळीत आमची खोली एक. वडील गेले आणि मी चौथीतून शाळा सोडून मालवणाकडून इकडे आलो. खोलीत कॉलेजचा माणूस, म्हणून सुरुवातीला मी त्यांच्यासमोर खोकायलाही भीत असे.

पण कर्णिकांचा जीव रसायनात नव्हता. कॉलेज सुटल्यावर जी जादा व्याख्यानं होत, त्यांत होता. देवमासा, ग्रीक नाटकं, मुंग्यांचे संसार, काहीही. "परीक्षेला नाही ना? मग जायलाच हवं!" जे परीक्षेला होतं, त्यात ते एकदा सपशेल आपटलेही.

परत आले की तेच व्याख्यान खोलीत पुन्हा. मला ट्रंकेवर बसवून अध्यक्ष करायचे. "अध्यक्षमहाराज आणि सभ्य गृहस्थहो!" सभ्य गृहस्थ म्हणजे शेजारचे सिंधी चहावाले लच्छूशेठ. देवमाशाच्या दिवशी ते मध्येच म्हणाले, "साईं, मछली बच्चे को दूध पिलाती है? पानी में? फिर दूध पतला नहीं होता?"

मी हसलो. कर्णिक नाही. "प्रश्न उत्तम आहे. प्राध्यापकांना विचारतो." आणि खरंच विचारून आले.

शेवटी अध्यक्षीय समारोप. पहिल्यांदा मी नुसतंच "छान झालं," म्हणून खाली बसलो. कर्णिक म्हणाले, "थोडक्यात आणि समर्पक!" पुढे मुंग्यांवर मी इतका बोललो की लच्छूशेठचं दूध उतू गेलं. मला कुणी बोलायला लावलं असेल, तर या माणसानं.

"एकदा खऱ्या व्याख्यानाला चला," ते नेहमी म्हणत.

"दारातून हाकलतील मला."

"कोण हाकलतो बघू!"

"इंग्रजीत असलं तर?"

"मी कानात सांगीन की."

माझा धीर होत नसे. पण परीक्षा झाली की ते खोली सोडून जाणार होते. आता नाही तर कधीच नाही. धूमकेतूंवरच्या व्याख्यानाला मी त्यांना न सांगताच गेलो. पळून यायची वेळ आली, तर निदान त्यांना दिसायला नको.

हॉलच्या दारात शिपायानं अडवलं. "कोण पाहिजे?"

मी म्हणालो, "कर्णिक... मी अंबरनाथहून..."

"अंबरनाथ? म्हणजे अध्यक्ष का तुम्ही?" तो हसायलाच लागला. "या, या! तुमची जागा दर व्याख्यानाला धरलेली असते. अख्खा हॉल रिकामा, आणि हे शेजारच्या खुर्चीवर छत्री ठेवून बसतात. कुणी बसायला गेलं की म्हणतात, आमचे अंबरनाथचे अध्यक्ष यायचेत."

आत मोजकीच माणसं. पहिल्या रांगेत कर्णिक एकटेच, आणि शेजारी छत्री.

मी जाऊन उभा राहिलो. त्यांनी छत्री उचलून पायाशी ठेवली. रुमाल काढून खुर्ची पुसली. उगीचच, पुन्हा एकदा पुसली.

"बसा," म्हणाले. "अजून सुरू नाही झालं."