डोणीतले नऊशे

गुणाजीची म्हैस सकाळपासून पाण्याला तोंड लावत नव्हती. दगडी डोणीपाशी यायची, हुंगायची आणि फुरफुरत मागे सरायची. डोणीतलीच बादली भरून दिली, तीही नको. ऐन उन्हाळा, त्यात दुभती म्हैस. संशय घ्यायला गुणाजीला कधी वेळ लागत नसे, आणि कुंपणापलीकडे केरूने नुकतीच नवी मोटर बसवली होती.

"केरूनंच डोणीत करंट सोडलाय!"

गिरजाबाई काहीतरी सांगणार होती, तोवर नवरा पेणच्या एस्टीत बसलासुद्धा होता.

पेणहून आणलेल्या पोपट वायरमनने मीटरची एक तार पाण्यात, दुसरी मातीत खुपसली. "नऊशे मिलिव्होल्ट."

"नऊशे!" पुढचे ऐकायला गुणाजी थांबलाच नाही. "घरात दोनशेतीस येतात, तेवढ्यात माणूस खलास होतो. आन् माझ्या म्हशीला नऊशे?"

केरू भडकला. त्याने फोन करून रोह्याच्या जगन वायरमनला बोलावले. जगनने आपला मीटर लावला. "पॉइंट नऊ व्होल्ट. धड एक पन नाय."

"ह्याला किती चारलंस रे?" गुणाजीने केरूला विचारले.

शेवटी दोघा वायरमननी मीटर शेजारी शेजारी धरले. "काका, हजार मिलिव्होल्टचा एक व्होल्ट," जगन म्हणाला. "त्याचं नऊशे नि माझं पॉइंट नऊ, एकच हाय."

"मगाशी येगळं, आता एकच? म्हंजे तुमी दोघं मिळालेले!"

"अवो, तुमच्या खिशातल्या बॅटरीच्या एका सेलात दीड हजार मिलिव्होल्ट हायत," पोपट वैतागला.

गुणाजीने बॅटरी अलगद बाहेर काढली आणि लांब दगडावर नेऊन ठेवली.

केरूने मोटर बंद केली, वर मेन स्विचही पाडला. दोन्ही मीटरांवर शून्य आले. म्हशीने डोण हुंगली आणि ती पुन्हा मागे सरली.

आता गिरजाबाईला राहवेना. "काल तुमीच म्हनालात ना, केरूभावजींची म्हस आपल्या डोणीत तोंड घालते, कायतरी कर? मी काठाला रॉकेल चोपडलं."

"मग सकाळी सांगायचं नाय गो?"

"तुमी थांबलात कुठं?"

गुणाजी वाकून डोण हुंगू लागला. तेवढ्यात म्हशीने दावे हिसडले, कुंपणातून पलीकडे घुसली आणि केरूच्या डोणीत तोंड खुपसून गटागटा पाणी पिऊ लागली. केरूने आणखी एक बादली ओतली.

गुणाजीचा जीव भांड्यात पडला. त्याला अगदी भरून आले. मग हळूहळू त्याचे डोळे बारीक झाले.

"केरू, येवढं पितेय म्हंजे... काय घातलंयस रे त्यात?"