दुधी, बादली आणि काकूंचं हृदय

देवासला आमच्या शेजारी राहणारे बापूकाका देवळातला प्रसादही आधी तळहातावर तोलतात, मगच तोंडात टाकतात. हयात वजनमाप निरीक्षक म्हणून गेली. सोनकच्छच्या मंडीत त्यांची स्कूटर दिसली की व्यापाऱ्यांना घाम फुटायचा; माप खोटं निघालं की जागेवर चालान, दंडाची पावती. "भिया, नाप म्हणजे नाप! थोडं कमी-जास्त चलता है, असं काही नसतं." पेन्शन सुरू झाली, खोड राहिलीच. आमच्याकडे ताठ मानेने येणारा दूधवाला त्यांच्या दारात आरोपीसारखा उभा राहतो.

यंदा काकूंचं हृदय थकलं. त्याचा डावा कप्पा फुगलाय. औषधाने तो आक्रसतोय की आणखी फुगतोय, यावर सगळं अवलंबून. काकू इतक्या धास्तावल्या की कुठलं लुगडं कुणाला द्यायचं, हे सांगायला लागल्या. अशात देवासच्या इकोने एक माप सांगितलं आणि इंदूरच्या एमआरआयने त्याच आठवड्यात बरंच मोठं.

काकांचा पारा चढला. "दोन काट्यांवर दोन वजनं? कुणीतरी डंडी मारतोय, मापात लबाडी करतोय!"

डॉक्टर बिचारे सज्जन. एमआरआय बघून त्यांनी औषध वाढवलं आणि समजावलंही, की इको कप्प्याचा आकार गृहीत धरून हिशेब करतो, म्हणून बहुधा कमी दाखवतो. एमआरआय चकत्या पाडल्यासारखं एकेक मोजून बेरीज करतो.

काकांनी मान डोलावली आणि येताना चांगला वाकडा दुधी आणला.

मला साक्षीदार म्हणून बसवलं. दुधी काठोकाठ भरलेल्या बादलीत बुडवून सांडलेलं पाणी मोजलं. मग फूटपट्टीने लांबी-रुंदी घेऊन हिशेब केला. तो कमी भरला. मग चकत्या करून एकेक मोजली. बेरीज पाण्याशी जुळली. फरशीवर तळं साचलं होतं आणि संध्याकाळी आमच्या घरी दुधीची भाजी होणार, हेही ठरून गेलं.

"म्हणजे एमआरआयच खरा," मी हळूच म्हटलं.

एवढ्यात आतून काकूंचा बारीक आवाज आला, "अहो, काय निघालं शेवटी? वाढलंय का?"

काकांनी एमआरआयचा कागद दुधीच्या सालांखाली सरकवला.

"छे गं! इकोच बरोबर आहे. कमी आहे, कमी!"

आत काकूंनी सोडलेला सुस्कारा आम्हाला बाहेर ऐकू आला. काका ओल्या फरशीकडे बघत पुटपुटले, "भिया, आज माझं चालान नको बनवू."