चौदा नंबरला साखर लागत नाही

ब्याऐंशी सालच्या मे महिन्यात त्या कॉलेजात दोघांनाच कूलर होता: प्राचार्यांना आणि चंद्रभानच्या उंदरांना. चंद्रभान स्वतः कूलरच्या मागल्या बाजूला, त्यात पाणी ओतत उभा असे.

जीवरसायनशास्त्राच्या या हंगामी व्याख्यात्याने सात वर्षांत गाठलेली मजल ती एवढीच. पीएच.डी. पदरात पडली तर नोकरी कायम. नाही पडली तर वर्षावर्षाची मुदतवाढ, तीही प्राचार्यांच्या मर्जीने. आणि ती पीएच.डी. लटकली होती एका पांढऱ्या उंदराच्या एका जीनवर.

हा जीन पेशीत एक एन्झाइम तयार करवतो आणि ते एन्झाइम प्रथिनांना साखरेची साखळी जोडतं. एवढं ऐकून समोरच्याचा चेहरा पडला की चंद्रभान संत्र्यांवर यायचा. "पेटीला चिठ्ठी लावतो ना आपण, तशी ही साखर. चिठ्ठी असली की पेटी बरोब्बर कलकत्त्याला पोचते. नसली की इथंच फलाटावर सडते." चौदा नंबरच्या उंदरात हा जीन बिघडलेला होता. त्याचे सारे भाऊबंद गेल्या उन्हाळ्यात वीज गेली तेव्हा गेले. उरला तो एकटा; बाकीच्या पाच पिंजऱ्यांत तुलनेसाठी ठेवलेले साधे उंदीर. त्याला पाहायला पुण्याहून परीक्षक गुरुवारी येणार होते.

सोमवारी चंद्रभानने प्राणीघर सांभाळणाऱ्या देवरावला बजावलं, "बाकीच्यांचं राहू द्या, पण चौदा नंबरला जपा. त्याला साखर लागत नाही."

बुधवारी सकाळी प्राणीघर आरशासारखं लखलखत होतं. सहा पिंजरे धुऊन पालथे घातलेले. सहा उंदीर एका पिंपात. आणि खिडकीतल्या तारेवर, देवरावच्या बनियनशेजारी, सहा नंबरांच्या सहा चिठ्ठ्या वाळत होत्या.

"देवराव, हे काय?"

"मुंग्या झाल्या होत्या जी. सारे पिंजरे भरले."

"मुंग्या कशानं?"

"गुळानं."

"गूळ कुठून आला?"

"म्या देल्ला," देवराव म्हणाला. "तुम्हीच त म्हन्लं, चौदा नंबरले साखर लागत नाही म्हनून. मले वाटलं, बिचाऱ्याले चवच लागत नसन. मंग गूळ देऊन पाह्यला. मस्त खाल्ला जी! बाकीचे पाहून राहिले होते, मंग त्यायलेबी देल्ला."

चंद्रभान मूळचा कळमेश्वरचा. सात वर्षं त्याने आपल्या प्रमाण मराठीची इस्त्री मोडू दिली नव्हती. ती आता मोडली.

"लागत नाही म्हंजे चिकटत नाही गा! चिकटत नाही!"

"मंग तसं सांगाले पाह्यजे ना जी. गूळ त चांगला चिकटला."

उंदरांच्या कानाला खूण करायचं चंद्रभान दर सोमवारी ठरवत आला होता. आता सहाही उंदीर सारखेच पांढरे, सारखेच लाल डोळ्यांचे आणि सारखेच सुखी. यातला खरा कोण, हे यकृत काढून तपासल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि एका यकृताला अख्खा दिवस लागायचा.

"सोपं हाये," देवराव म्हणाला. "साखर ठेवू समोर. ज्याले लागत नाही, थो आपला."

बुडत्याने कुणाचं ऐकू नये असं कुठं लिहिलेलं नाही. चंद्रभानने साखर ठेवली. सहाही जणांनी ती फस्त केली. शेवटी त्यातल्या त्यात उदास दिसणारा एक त्याने उचलला. का कोण जाणे, तो त्याला ओळखीचा वाटला.

"अन् ही?" देवरावने चौदा नंबरची चिठ्ठी पुढे केली.

"खरा सापडल्याशिवाय कुठं लावू नका. खिशात ठेवा."

गुरुवारी परीक्षकांनी दिवसभर खपून त्या उदास उंदराचं यकृत तपासलं. संध्याकाळी ते घाम पुसत म्हणाले, "अहो, प्रबंधात तुम्ही म्हणता साखर लागत नाही. इथं तर व्यवस्थित लागलीय! हा अगदी चारचौघांसारखा उंदीर आहे."

चंद्रभान तोंड उघडणार, तेवढ्यात देवराव चहा घेऊन आला. परीक्षकांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं करून कप खाली ठेवला.

"मला साखर लागत नाही."

देवराव थबकला. त्याने परीक्षकांना नखशिखांत न्याहाळलं. मग खिशातून चिठ्ठी काढून त्यांच्या बशीला टेकवून ठेवली.

"सापडला जी," तो चंद्रभानच्या कानाशी म्हणाला. हळू बोलायची त्याला सवय नव्हती.

जुलैत निकाल लागला. 'काम नव्याने करावे,' असा अहवाल होता. वर चौदा नंबरची चिठ्ठी टाचणीने टोचून परत पाठवलेली. त्याच टपालात दोन आदेश होते. चंद्रभानला एक वर्षाची मुदतवाढ. आणि देवराव, प्राणीघराच्या उल्लेखनीय स्वच्छतेबद्दल, प्राचार्यांच्या शिफारशीवरून कायम.

देवराव पेढे घेऊन आला.

"घ्या जी."

"नको."

"काहून? एक त घ्या."

"मले साखर लागत नाही, देवराव," चंद्रभान म्हणाला.

देवरावने आधी टेबलावरच्या चिठ्ठीकडे पाहिलं. मग चंद्रभानकडे. मग हळूच टाचणी काढली.