लष्कर, नगरपालिका आणि आमची आत्या

लष्कर आणि नगरपालिका यांनी खांद्याला खांदा लावून पुराशी कसं लढायचं, यावर मी दोन तास सलग बोलू शकतो. बोललोही आहे. म्हणूनच नदीचं पाणी खालच्या वस्तीत शिरलं तेव्हा नगरपालिकेतल्या आमच्या साहेबांनी मला समन्वय अधिकारी नेमलं आणि ऑफिसातला फोन सोडून हलू नका, असं बजावलं. पण लष्कराचे सुभेदार जवानांना घेऊन होडीत बसले आणि माझ्या अंगात वीरश्री संचारली. वस्तीतली बोळ न् बोळ मला पाठ आहे, असं ठोकून देऊन मी होडीत सगळ्यात पुढे जाऊन बसलो!

पहिल्याच वळणावर होडी कुणाच्या तरी न्हाणीघरावर आपटली. सुभेदारांनी ती मागे ढकलून सोडवली.

तेवढ्यात समोरच्या गच्चीवरून हाक आली. माझी सख्खी आत्या! बाजूला तिची शेळी. शेळीशिवाय मी हलणार नाही, असं आत्याचं म्हणणं. होडी माणसांसाठी आहे, असं सुभेदारांचं. इथे समन्वय साधणार कोण? मी गच्चीवर चढलो आणि आत्याला शासनाचं धोरण समजावू लागलो. कंटाळून जवानांनी शेळी उचलून होडीत ठेवली. मागोमाग आत्या उतरली. होडी भरली. मी गच्चीवरच!

"पुढच्या फेरीला नेतो," सुभेदार म्हणाले.

पुढच्या फेरीला होडी आली ती माझ्यासमोरून सरळ पुढे निघाली. सगळ्यात पुढे, माझ्या जागेवर, आत्या. कुठल्या घरात बाळंतीण आहे, कोण अंथरुणाला खिळलंय, ती हात करून दाखवत होती आणि जवान मुकाट्याने वल्ही मारत होते. मी बोंब ठोकली. सुभेदार होडी वळवू लागले, तर आत्या म्हणाली, "त्याला राहू द्या. धडधाकट आहे. आणि खाली आला की बोलत बसेल."

दिवस कलला. अख्खी वस्ती सुखरूप बाहेर पडल्यावर माझा नंबर लागला. मी कुडकुडत होतो. एका नव्या जवानाने माझ्या अंगावर घोंगडी टाकली आणि मायेने विचारलं, "काका, काम काय करता?"

"ही सगळी मोहीम माझ्याच देखरेखीखाली चाललीय," मी म्हणालो.

त्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि सुभेदारांना दबक्या आवाजात सांगितलं, "यांना आधी डॉक्टरकडे न्यायला हवं. धक्का बसलाय."

सुभेदार मला चांगले ओळखत होते. तरी त्यांनी मान डोलावली.