उंच लागतंय का?

डॉक्टरांनी जीप चार इंच उंच केली आणि त्या दिवसापासून ती कण्हायला लागली. खड्डा आला की मागून "आंऽऽ" असा आवाज यायचा, थेट त्यांच्या दवाखान्यातल्या खुर्चीतून येतो तसा. डॉक्टर दातांचे होते. बावीस वर्षं, आठवड्याचे सहा दिवस, लोकांच्या तोंडात वाकून ते हेच ऐकत आले होते. रविवारी मात्र ते जीप घेऊन दगडधोंड्यांच्या वाटेने एकटेच टेकडीवर जात. तिथे कुणी तोंड उघडत नसे, आणि तेवढा एक दिवस त्यांना जिवापाड प्रिय होता.

"उद्या आईला ताईकडे जेवायला न्यायचंय," शनिवारी सकाळी बायकोने चहाचा कप पुढे ठेवत सांगितलं. "माझी गाडी दुरुस्तीला आहे, म्हणजे तुमच्या त्या उंटावरूनच न्यावं लागणार. आईची कंबर तुम्हाला माहीत आहे. वाटेत तिला त्रास झाला, तर सोमवारी जीप विकायची."

"अगं, नव्या स्प्रिंगा आहेत. रुळायला वेळ लागतो."

"लागू दे ना. उद्या नऊपर्यंत आहे वेळ."

दुपारी दवाखाना संपल्यावर डॉक्टर मागच्या अंगणात जीपखाली शिरले. जीप उंच करायचा लिफ्टचा संच त्यांनी स्वतःच बसवला होता, कारण गॅरेजवाल्याचं काम त्यांना स्वच्छ वाटत नसे. तपासणीही आपल्या शिस्तीतच चालली होती. एका हातात दात बघायचा आरसा, दुसऱ्या हातात पाना. प्रत्येक बोल्टवर पान्याने हलकेच ठोकायचं, कान द्यायचा, पुढे सरकायचं. ब्रेकच्या नळ्या ताणलेल्या नव्हत्या, शॉकअ‍ॅब्सॉर्बर गळत नव्हते. तरी त्यांनी जीप पुन्हा जॅकवर चढवली, सगळे बोल्ट करकचून आवळले आणि एक फेरी मारली. आता पुढूनही कण्हणं सुरू झालं. मग त्यांनी सापडेल त्या फटीत ग्रीस भरलं. त्याने आवाज थांबला नाही, फक्त कापसाचा बोळा धरलेल्या पेशंटसारखा दबका झाला. जीप पुन्हा जॅकवर चढवून डॉक्टर खाली शिरले. त्यांना रडूच यायचं बाकी होतं.

"डॉक्टर, मी कुलूप लावून निघते," दवाखान्यातली सिस्टर दारात येऊन म्हणाली. गेली सतरा वर्षं ती त्यांच्या हातात हत्यारं देत होती. "अजून दुखतंय का तिचं?"

"एकही बोल्ट हलत नाही, सिस्टर. मग दुखतंय कुठं?"

"आवळताना गाडी अशीच टांगलेली होती?"

"मग? चाकं लोंबती ठेवल्याशिवाय हात कसा घालणार?"

सिस्टरने चाव्या पर्समध्ये टाकल्या. "म्हणजे तोंड उघडं असतानाच काम संपवलंत. आपण दात भरला की पेशंटला निळा कागद चावायला देतो ना? उंच लागतंय का विचारतो, मगच घरी सोडतो. हिला चावायला कधी लावलंत?"

डॉक्टर इतक्या घाईने बाहेर आले की कपाळ बंपरवर आपटलं. संचाबरोबर आलेली पुस्तिका त्यांनी उघडली. नवव्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं की सांध्यांतल्या रबरी बुशांचे बोल्ट शेवटी, चाकं जमिनीवर टेकल्यावरच आवळावेत, नाहीतर वजन येताच रबर पिळलं जातं आणि आवाज करतं. डॉक्टरांना सूचना द्यायची सवय होती, वाचायची नव्हती.

मग बोल्ट सैल झाले, जॅक उतरला, चाकांना विटा लागल्या. सिस्टर मागच्या बंपरवर उभी राहून "चाव, चांगलं चाव" म्हणत जीपला झोके देऊ लागली. ती उतरल्यावर डॉक्टरांनी खाली शिरून एकेक बोल्ट आवळला. नंतरच्या फेरीत जीपने हूं की चूं केलं नाही.

"आता अर्धा तास हिला काही खायला देऊ नका," सिस्टर म्हणाली आणि घरी गेली.

रविवारी सासूबाई स्टुलावर पाय देऊन पुढच्या सीटवर बसल्या. वाटेत खड्डे आले, रस्ता खोदलेला लागला, पण ना जीप कण्हली, ना सासूबाई. ताईच्या दारात जीप थांबली, तरी त्या उतरेनात.

"जावईबापू, घरी खुर्चीत बसले तरी कंबर दुखते, पडले तरी दुखते. ही हलायला लागली की बरं वाटतं. तुम्ही रविवारी कुठं जाता हो हिच्यातून?"

"टेकडीवर. पण रस्ता फार वाईट आहे, आई. नुसते दगड. अंग खिळखिळं होतं."

"मग तर उत्तमच. पुढच्या रविवारपासून येत जाईन मी."

ताईच्या फोनवरून बातमी त्यांच्याआधी घरी पोचली होती. "जीप मुळीच विकायची नाही," बायकोने दारातच बजावलं.

पहिल्या फेरीनंतर बोल्ट पुन्हा तपासायचे असतात, असं सांगून डॉक्टर पाना घेऊन जीपखाली शिरले. रविवार परत एकट्याचा व्हावा म्हणून एखादा बोल्ट जरासा सैल करावा का, याचा ते बराच वेळ पडल्या पडल्या विचार करत राहिले. हात मात्र सवयीने आवळतच गेला.