आफ्रिकास्वारीआधीचे मौनयुद्ध

थोरांच्या लढाया लिहिणारे उदंड जाहले. परंतु आपल्याच जिभेवर चालोन जाऊन तीस शिकस्त देणारा वीर विरळा, आणि त्याची हकिकत कागदी न राहिली तर पुढील पिढ्यांनी शिकावे काय, ऐसे मनी आणोन हे लिहिले असे. वाचणारांनी हसावे, लटके मात्र म्हणो नये.

मुळारंभ ऐसा की, यजमानांच्या थोरल्या भगिनी वन्संसाहेब या आफ्रिकाखंडाचा दक्षिण मुलूख, तेथील हत्ती, सिंह, जिराफ समक्ष पाहोन आलेल्या, आणि त्यांनी घरची आफ्रिकास्वारीची मसलत ऐकताच फोनवरोन इशारा दिधला की, "अगं, पोरीचं काही नाही, पोर बसेल गप्प. तुझं तोंड बंद राहील का, ते बघ आधी." यजमानांच्या पत्नी बाईसाहेब, त्यांनी तो इशारा उडवोन लाविला, आणि वन्संना दुसऱ्याचे कौतुक कधी सोसलेच नाही ऐसा शेरा यजमानांपाशी मारोन विषय बंद केला.

बाईसाहेब म्हणजे रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत आठ वर्षे चाकरी केलेल्या, पदवीधर आणि सावध. सावध कोणत्या प्रकारे, तर सर्पदंशापासोन नखुरड्यापर्यंत सतरा संकटांची यादी करोन, प्रत्येकावर उतारा नेमोन, ती फ्रीजच्या दारास चिकटविली होती. लसी जाहल्या, टोप्या जाहल्या, मच्छरदाणी जाहली, सर्व सरंजाम सिद्ध. आणि कन्या चिमणी, सहा वर्षे पुरी जाहलेली, जिराफ झोपतो कैसा हे आपण जातीने पाहणार ऐसे अवघ्या वर्गास सांगोन बसलेली.

ऐशियास जंगलातील छावणीचा खलिता ईमेलमार्गे आला. मजकूर ऐसा की, उघड्या गाडीत सहा वर्षांचे मूल घेऊ, परंतु गाडीतील समस्त मंडळींनी तीन तास आवाज न करिता बसावे. जनावरे बुजली तर गाडी माघारी फिरेल आणि ते कुटुंब मुक्काम संपेतो तंबूत राहील. हे कबूल असल्यास रविवार सायंकाळपावेतो सही करोन धाडावे, नाहीतर जागा दुसऱ्यास देऊ.

यजमान बोलिले, "कर ना सही. कोण बघायला येतंय इथे?"

बाईसाहेब बोलिल्या, "मी तपासल्याशिवाय आयुष्यात कशावर सही केलेली नाही."

मग हुकूम सुटला की शनिवारी प्रातःकाळी इमारतीखालील पार्किंगात, आपल्याच मोटारीच्या काचा उतरवोन, तीन तासांची तालीम व्हावी आणि चिमणीची परीक्षा घ्यावी.

कूच जाहले. खासे यजमान वाटाड्या होऊन स्टिअरिंगपाशी, चिमणी मागे पुठ्ठ्याची दुर्बीण घेवोन, आणि बाईसाहेब तिचे शेजारी. घड्याळ लाविले. चिमणी पाषाणवत बसली. चौथ्या मिनिटास बाईसाहेब बोलिल्या, "पाणी पी गं दोन घोट." सातव्यास, "शू आलीये का? आत्ताच सांग." आणि मग हात आत घे, आणि मग नाक पूस, आणि मग ऊन लागते का, ऐशी सरबत्ती चालली, आणि यजमान दर वाक्यास कागदावर रेघ ओढीत गेले. अर्ध्या तासात एकतीस रेघा जाहल्या. तेव्हा चिमणीने दुर्बीण उतरवोन खबर दिली, "आई, सिंह मगाशीच पळाला. जिराफ पण चालला."

बाईसाहेबांचे तोंडचे पाणी पळाले. गनीम मुलखाबाहेर शोधिला, तो दातांच्या तटाआड घरचाच निघाला! खोटी सही करावी तर आठ वर्षांची चाकरी लाजते, न करावी तर लेकीस कोणते तोंड दाखवावे?

दुपारी दुसरी चढाई. तोंडात लिमलेटची गोळी धरिली, त्याने जीभ गुंतली, परंतु हात मोकळे राहिले, आणि खाणाखुणांचा ऐसा कहर जाहला की मोटार हलो लागली. यजमान बोलिले, "अगं, हत्तींना वाटेल तू विमान उतरवतेयस." गोळी विरली आणि "नीट टेकून बस" हे वाक्य तोफेच्या गोळ्यासारखे सुटले. पुन्हा शिकस्त.

मग लाचार होऊन वन्संसाहेबांस फोन केला. हे कलम गाळावे ऐसा बाईसाहेबांचा आग्रह पडला, तो नामंजूर. वन्संसाहेब टोचतील ऐसे वाटले, तो त्या आवाज उतरवोन बोलिल्या, "आमची गाडी माघारी फिरवली होती गं. माझ्यामुळे. मुलांना अजून आठवतं. तू असं कर, हात मांडीखाली घाल आणि पोरीकडे बघूच नकोस. समोर बघ."

रविवारी तिसरी चढाई. हात मांडीखाली, नजर समोरील खांबावर. पहिल्या तासी वॉचमन चालोन आला आणि पुसता जाहला, "ताई, गाडी बंद पडलीये का? धक्का देऊ?" कोणी उत्तर देईना. मग "भांडण दिसतंय" ऐसे पुटपुटोन तो चोरपावली निघोन गेला. दुसरा तास घाम गाळीत गेला. तिसऱ्या तासी चिमणी शिंकली. एक. दोन. तीन. सर्दी, ताप, न्यूमोनिया, परक्या मुलखी इस्पितळ, सारी फौज डोळ्यांपुढोन दौडत गेली, आणि बाईसाहेबांचे तोंड उघडले. इतक्यात चिमणीने, समोरची नजर न काढिता, आईचा हात मांडीखालोन ओढोन काढिला आणि गच्च धरिला. तोंड मिटले. आणि मग एक खार बोनेटवर चढली, तिघांस निरखोन पाहती जाहली, आणि पळाली नाही.

येणेप्रमाणे तीन तास पुरे जाहले, रविवारी पाच वाजोन दहा मिनिटांनी बाईसाहेबांनी सही केली, खलिता रवाना जाहला, मोहीम फत्ते.

तह ऐसा ठरला की, कूच करण्यास दोन मास अवकाश, सबब सराव मोडो नये म्हणोन दररोज एक तास बाईसाहेबांनी चिमणीस हाक मारो नये, काही पुसो नये, मागे जाऊ नये. तो तास या घटकेस चालू आहे. चिमणी आतल्या खोलीत दार लोटोन गेली, वीस मिनिटे जाहली, आणि आतून हूं नाही की चूं नाही.

तरी वाचणारांस बाईसाहेबांची विनंती की, उजव्या हातची खोली. दार कुरकुरते, हलके लोटावे. पोर काय करिते तेवढे पाहोन यावे. येताना नुसती मान हलविली तरी पुरे. आम्ही पाठविले हे तीस कळो न द्यावे.